पंख्याची घरघर

जुन्या लॅपटॉपच्या पोटात शिरण्यात माझा हातखंडा. चालू होण्याआधी सेटिंगचा जो निळा पडदा येतो ना, त्यातली निम्मी पानं कंपनीने लपवलेली असतात. कुठल्या मॉडेलला कुठल्या तीन कळा दाबल्या की ती उघडतात, हे मला तोंडपाठ. गिऱ्हाईक आ वासून बघतं आणि मी मिशीतल्या मिशीत हसतो.

ताई भाऊजींचा लॅपटॉप घेऊन दुकानात आली, सोबत सात वर्षांची भाची. भाऊजींना जाऊन आठ महिने झाले होते. आजारपणात त्यांनी लेकीसाठी अकरा गोष्टी रचून याच लॅपटॉपवर रेकॉर्ड केल्या होत्या. दुसरीकडे कुठेच नव्हत्या.

"तेवढ्या गोष्टी मोबाईलवर घेऊन दे," ताई म्हणाली. "बाकी काही करू नकोस."

मला असं सांगून काय उपयोग! मशीन रखडत होतं, पंखा घरघरत होता. "थांब गं, आधी याला ताळ्यावर आणतो," मी म्हणालो. दुकानाच्या भिंतीवर माझ्याच अक्षरात लिहिलंय, 'आधी कॉपी, मग दुरुस्ती'. पण ते गिऱ्हाइकांसाठी. घरच्या कामाला कसला आलाय नियम!

भाचीला शेजारी बसवून मी लपलेली पानं उघडली आणि पंखा हळू केला. घरघर थांबली.

"मामा, तू भारी आहेस!"

झालं, मी हरभऱ्याच्या झाडावर चढलो. खाली सुरक्षेच्या चिपची एक ओळ होती. चिप पुसायची का, असं मशीनने दोनदा विचारलं. जुनी अडगळ समजून दोन्ही वेळा मी 'हो' दाबलं. भाऊजींना हा लॅपटॉप देणाऱ्या ऑफिसने अख्खी डिस्क कुलूपबंद केली होती आणि किल्ली त्या चिपमध्येच होती. हे मला पुढच्या पडद्याने सांगितलं. आता कुलूप उघडायला तो अठ्ठेचाळीस आकडे मागत होता. ते असायचे ऑफिसकडे, आणि त्या ऑफिसलाच टाळं लागून दोन वर्षं झाली होती.

चार दिवस जंग जंग पछाडलं. पाचव्या दिवशी लॅपटॉप घेऊन ताईच्या घरी गेलो आणि खरं ते सांगून टाकलं. तिने मला फाडून खायला हवं होतं. ती नुसती लॅपटॉपवरून हात फिरवत राहिली.

"एक तरी गोष्ट, मामा?" भाचीने विचारलं. मी नाही म्हणालो.

ताई म्हणाली, "तो पंखा तरी पहिल्यासारखा होईल का रे? प्रत्येक गोष्टीत मागे त्याचा आवाज यायचा. हे म्हणायचे, हा माझा साथीदार."

तेवढं मला येत होतं. तीन कळा दाबल्या, पंख्याचा आकडा होता तिथे नेऊन ठेवला. घरघर सुरू झाली.

भाची पळत आली, लॅपटॉपसमोर मांडी घालून बसली आणि सवयीने डोळे मिटले.