फाटकासमोरची खाणावळ

डोंगरावरच्या उद्यानाच्या फाटकासमोर एकच खाणावळ होती. त्यामुळे सून आणि सासरे दोघांनाही तिथंच जेवावं लागायचं, पण टेबलं वेगळी. सासरे खिडकीपाशी बसत, म्हणजे वरून कुणी उतरताना दिसलं तर आधी त्यांना दिसावं. सून स्वयंपाकघराच्या दारापाशी, भिंतीकडे तोंड करून.

सासऱ्यांचा एकुलता एक मुलगा, म्हणजे तिचा नवरा, डोंगरावर गेला होता तो परतलाच नव्हता. शाळेत चित्रकला शिकवायचा आणि सुट्टी मिळाली की डोंगर गाठायचा. त्या सकाळी त्यानं याच खाणावळीत ऑम्लेट खाल्लं, पाव बांधून घेतला, आणि खाणावळवाल्या मावशीला म्हणाला, "संध्याकाळी येतो, सूप ठेवा." दुपारी धुकं उतरलं. त्याची गाडी फाटकाशी तशीच उभी राहिली.

सासऱ्यांनी आयुष्यभर शाळेची बस चालवली होती. बायको लवकर गेली, मुलाला एकट्यानं वाढवलं. त्यानं औषधांच्या दुकानात काम करणारी, आधीचं लग्न मोडलेली बाई पसंत केली तेव्हा सासरे म्हणाले, "ती या घरात आली तर मी बाहेर." ती गेलीच नाही. मुलगा वडिलांना एकटाच भेटून यायचा. तिनं कधी विचारलं नाही, सासऱ्यांनी कधी सांगून पाठवलं नाही.

शोधपथकातली सगळी माणसं आसपासच्या गावांतली. कुणी सुतार, कुणी गवंडी. त्यांची प्रमुख एरवी दुधाची गाडी चालवायची. दुपारी सगळीच ओलीचिंब होऊन खाली यायची, बूट दारात काढायची आणि उकडलेले बटाटे, अंडी, जे असेल त्यावर तुटून पडायची. एकदा सुतारानं काहीतरी चावट सांगितलं आणि सगळं टेबल खो खो हसलं.

सासरे ताडकन उठले. "हसता काय? माझा पोरगा वर पडलाय आणि तुम्ही हसताय?"

चमचे थांबले. सुताराचा चेहरा पडला. तेवढ्यात भिंतीकडे तोंड करून बसलेली सून वळली.

"बाबा, त्यांना जेवू द्या. पुन्हा वर जायचंय त्यांना."

इतक्या वर्षांत ती त्यांच्याशी पहिल्यांदाच बोलत होती. सासरे खाली बसले.

दुसऱ्या आठवड्यात तोच सुतार घळीत घसरला. दोर होता म्हणून वाचला, पण पाय मोडला. त्याची बायको खाणावळीत त्याची पिशवी न्यायला आली. सुनेपाशी थांबून म्हणाली, "उद्यापासून माझा भाऊ जाईल वर. तुम्ही काळजी करू नका." ती हे अगदी मनापासून बोलली, आणि म्हणूनच सुनेनं ताट बाजूला सारलं.

त्याच संध्याकाळी पथकाची प्रमुख दोन्ही टेबलांच्या मधोमध खुर्ची ओढून बसली.

"मी गोड बोलणार नाही," ती सुनेला म्हणाली. "तो आता जिवंत सापडेल असं मला वाटत नाही. पुढं बर्फ येतोय. माणसं पाठवायची तर देह आणायला पाठवायची. तुम्ही बायको आहात. तुम्ही सांगा. जा म्हणालात तर आम्ही जाऊ."

"जातील! का नाही जाणार?" सासरे म्हणाले.

सुनेनं टेबलाची कड धरली. मग म्हणाली, "थांबवा."

"काय?"

"थांबवा, बाबा. आता आणखी कुणाची बायको इथं अशी नको बसायला."

सासरे तिच्याकडे बघत राहिले. मग हळू आवाजात, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "तुला काय त्याचं! एक संसार मोडून आलीस, दुसरा मोडायला कितीसा वेळ लागतो?"

मावशी आतून धावत बाहेर आली. सून उठली, मागच्या मोरीत गेली, नळ सोडला आणि हाताची मूठ तोंडात घालून उभी राहिली.

सकाळी ती नवऱ्याची गाडी घेऊन निघाली. तो उंच, त्यामुळे सीट मागं सरकवलेली. तिचे पाय पोचेनात. सीट पुढं घ्यायला तिनं खाली हात घातला आणि काढून घेतला. तसं केलं असतं तर तो बसल्याची खूण पुसली गेली असती. सीटच्या अगदी कडेवर बसून, स्टिअरिंगला लोंबकळत ती घरापर्यंत गेली.

सासरे मात्र हलले नाहीत. खाणावळीच्या माडीवर त्यांनी खोली घेतली. बर्फामुळे फाटक बंद झालं तरी रोज तिथवर जाऊन यायचे. शेवटी मावशीनं त्यांच्यापुढं बटाट्यांची टोपली आदळली. "नुसते बसून राहिलात तर डोकं फिरेल तुमचं. आणि तुमचं फिरलं की माझंही फिरवाल. सोला."

एका दुपारी औषधांच्या दुकानात फोन वाजला. "वर बर्फ पडतोय," पलीकडून सासऱ्यांचा आवाज आला, आणि फोन ठेवला गेला. पुढच्या आठवड्यात पुन्हा. "आज ऊन आहे. पण वितळणार नाही एवढ्यात." हळूहळू तीही विचारू लागली, वारा आहे का, फाटकापर्यंतचा रस्ता मोकळा केलाय का. हिवाळाभर दोघं हवेवर बोलले. त्याचं नाव कुणीच काढलं नाही.

बर्फ वितळायला लागला तेव्हा फोनवर आधी नुसता श्वास ऐकू आला.

"सापडला. खालच्या ओढ्याशी. तू ये. मी अजून बघितलं नाही. तू आल्याशिवाय बघणार नाही."

ती पोचली तेव्हा सासरे खाणावळीच्या दारातच उभे होते. सदरा अंगावर लोंबत होता, इतके वाळले होते. प्रमुख बाईनं दोघांना एका टेबलाशी बसवलं. "डोक्याला मार आहे. वरून पडला. डॉक्टर म्हणाले, त्याच दिवशी गेला असणार. आम्ही शोधायला निघालो त्याच्याही आधी."

सासऱ्यांनी दोन्ही हात टेबलावर ठेवले. बटाटे सोलून बोटं काळवंडली होती.

"म्हणजे त्या दिवशी मी तुला जे बोललो..."

"बाबा, आत्ता नको."

"नाही, ऐक..."

"ते मी विसरेन असं नाही. विसरायला मला जमणार नाही. पण आत्ता नको."

त्यांनी मान हलवली. मावशीनं सूप आणून ठेवलं, कुणी हात लावला नाही. थोड्या वेळानं सासऱ्यांनी विचारलं, "तुझ्या घरी तो गायचा का गं? लहानपणी फार गायचा. भयंकर."

"भांडी घासताना. शेजारी खिडक्या लावून घ्यायचे."

सासरे हसले आणि हसता हसता त्यांचा चेहरा वेडावाकडा झाला.

देह फाटकाच्या आतल्या शेडमध्ये ठेवला होता. दोघं चालत गेले. दाराशी आल्यावर सासऱ्यांचे पाय उचलेनात. चौकट धरून ते म्हणाले, "मला वाटलं होतं जमेल. तू जा. तुझा पहिला हक्क."

ती एकटीच आत गेली. बाहेर आली तेव्हा तिचे ओठ पांढरेफटक पडले होते.

"तोच का?"

"तोच, बाबा."

सासरे होते तिथंच, वितळलेल्या बर्फाच्या चिखलात खाली बसले. ती त्यांच्या शेजारी बसली. समोरून मावशीनं हाक मारली, दोन घास खाऊन घ्या म्हणाली. दोघांनीही ती ऐकली. कुणी उठलं नाही.