चिंधी बांधलेलं तवसं

माहेराहून आल्या आल्या गोदू पाय न धुताच मळ्यात गेली आणि मांडवाखाली वेलांकडे वर बघतच राहिली. जाताना जिथे लाल चिंधी बांधलेलं तवसं, हातभर लांब काकडी, लोंबत होतं, तिथे आता नुसता छाटलेला देठ होता.

"मनिषा!" हाक अशी होती की पळस्प्याच्या हायवेवरचे ट्रकही थांबावेत.

मनिषा तिच्या मुलाची, हरेशची बायको. बाप तळोज्याच्या कारखान्यात पाळीवर जाणारा, त्यामुळे लग्नाआधी पोरीने भाजी पाहिली ती पिशवीतलीच. पण कामाला वाघीण. रोज सकाळी खांदा कॉलनीत भाजीची पाटी घेऊन बसायची आणि दुपारी रिकामी पाटी घेऊन घरी यायची.

"आई, ते पिवळं पडलेलं. वाया जाईल म्हणून नेलं विकायला," ती धावत येऊन म्हणाली.

"आनि चिंधी? ती दिसली नाय तुला?"

"दिसली ना. मला वाटलं, दृष्ट लागू नये म्हणून बांधलीय."

गोदूने कपाळावर हात मारून घेतला. आता हिला काय सांगायचं, आणि कुठून सुरुवात करायची!

चिंधी बांधली की ते फळ बियाण्याचं. त्याला कुणी हात लावायचा नाही, ही गोदूच्या सासूची, जनीची रीत. मांडवावरचं सगळ्यात देखणं तवसं राखायचं, पार तांबूस होईतो पिकू द्यायचं, मग कापून बिया चुलीच्या राखेत घोळवायच्या आणि स्वयंपाकघरातल्या भिंतीला थापायच्या. नवी नवरी होऊन आलेली गोदू ती भिंत बघून खुदकन हसली होती. मग तिने त्या तवशाची पहिली फोड खाल्ली आणि हसू विसरून दुसरी मागितली.

काय दिवस होते ते! ह्या बांधापासून त्या बांधापर्यंत सगळ्यांचे मांडव. संध्याकाळी बाया शेंदून शेंदून पाणी घालायच्या आणि एकमेकींच्या सासवांच्या नकला करायच्या. पहाटे डोक्यावर पाट्या घेऊन पनवेलच्या बाजारात जायच्या ती रांगच्या रांग. आता दोन्ही बाजूंना बिल्डरचा भराव. सगळ्या आळीचं पाणी गोदूच्या मळ्यात येऊन बसतं. तिचा नवरा दाजी दर पावसाळ्यात म्हणतो, "यंदाचा शेवटचा मळा," आणि उन्हाळा आला की स्वतःच कुदळ शोधत फिरतो. या वर्षी तर भेंडी गेली, शिराळी गेली, तवशाचे वेल मुळातून कुजले. विहिरीच्या उंचवट्यावरचा एकच वेल वाचला, आणि त्याला धरलेलं ते एकच फळ. दुकानातलं बियाणं आणून बघितलं होतं दाजीने. फळं भरपूर आली, पण चवीला नुसतं पाणी.

"कुनी न्हेलं?" गोदूने विचारलं.

"रंभाआत्यांनी. दुसरी एक बाई घेत होती, पण आत्या..."

पुढचं ऐकायला गोदू थांबलीच नाही. रंभा! दाजीची सख्खी धाकटी बहीण, याच मांडवाखाली वाढलेली. तिला चिंधी कशाची ते ठाऊक नव्हतं? लग्न होऊन जाताना तिने आईकडे ओंजळभर बिया मागितल्या होत्या. "बियानं सुनेचं, लेकीचं नाय," म्हणून जनीने साफ नकार दिला होता. तो राग बयेने इतकी वर्षं पोटात ठेवला की काय? रिक्षात बसून गोदू वाटभर शब्द जुळवत होती, आणि एकही बरा नव्हता.

रंभाचं सासरचं शेत कधीच वसाहतीत गेलं. आता ती मुलाबरोबर चौथ्या मजल्यावर राहते. दार तिनेच उघडलं.

"वैनी! ये गो, कवा आलीस म्हायेरशी?"

"तवसं कुठं हाय?"

"खाल्लं," रंभा शांतपणे म्हणाली.

गोदू डोळे वटारून तिच्याकडे बघू लागली.

"अगो, अशी काय बगतेस? आत ये." रंभाने तिला हाताला धरून बाल्कनीत नेलं. तिथे गुळगुळीत रंगवलेल्या भिंतीवर, कपडे वाळत घालायच्या दोरीखाली, राखेत माखलेल्या बिया ओळीने थापलेल्या होत्या.

"ती बाई किसून धोंडस भाजायला घेत व्हती. बिया फेकूनच दिल्या असत्या तिनं. मी हातातनं वढून घेतलं. सुनेला तुज्या काय बोललू नाय, चार गिऱ्हाइकांत पोरीची लाज जाईल म्हनून." मग ती ओशाळून हसली. "चूल नाय ना आमच्यात. शेजारापाजारात फिरून उदबत्तीची राख गोळा केली. पोरगा वराडला, नवा रंग खराब केलास म्हनून. वराडू दे."

"मग आनून का नाय दिलंस?" गोदूचा आवाज आता पार उतरला होता.

"दोन दिस उशाशी घेऊन निजलू, वैनी. आयच्या घरचा वास व्हता त्याला." तिने डोळ्यांना पदर लावला. "आता वाळल्यात. सगळ्या ने. तुज्याच हायत."

रंभा नखाने एकेक बी सोडवून गोदूच्या पदरात टाकू लागली. गोदूला रडू येत होतं, आणि कॉलनीतल्या परक्या बाल्कनीत रडायची तिला लाज वाटत होती. अर्धी भिंत मोकळी झाली तेव्हा तिने रंभाचा हात धरला.

"ऱ्हाऊ दे त्या तितंच."

"अगो, पन आय म्हनायची..."

"आय गेली. पुढल्या साली माज्या मळ्यात पानी भरलं, तर मी कुनाच्या दारात जाऊ?"

रंभाने एकदा भिंतीकडे बघितलं, एकदा वहिनीकडे. मग आत जाऊन तिने जुन्या लुगड्याची लाल पट्टी फाडून आणली, आणि बाल्कनीच्या गजाला, वेल चढेल तिथे, आधीच गाठ मारून ठेवली.