दुसऱ्याच्या वाटणीची पट्टी

पर्समधून औषधाच्या पट्टीचं पाकीट काढून तिनं टेबलावर ठेवलं आणि चपला न काढताच खुर्चीत बसली. वॉर्डात दिवसभर उभं राहून पायांचे तुकडे पडले होते.

"हीच का ती?" नवऱ्यानं विचारलं. तो शिंपी होता. जिना चढताना छातीत कळ यायला लागली तेव्हापासून त्याचं मशीन झाकलेलंच होतं.

तिनं मान हलवली. हृदयाच्या औषधाची नवी पट्टी. जुन्या पट्टीतलं औषध त्याच्या राठ कातडीतून मुंगीच्या पावलानं आत जायचं, निम्मं वरच राहायचं. नवीत कातडीतून वाट मोकळी करणारं काहीतरी मिसळलं होतं. तिच्या इस्पितळात या पट्टीची चाचणी चालली होती. रोज सकाळी रोग्यांच्या छातीवर पट्ट्या चिकटवायचं काम तिचंच, पण नोकरांच्या घरच्यांना चाचणीत घेत नसत. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. आज एक म्हातारा आला नाही. त्याचं पाकीट कपाटात ठेवायच्या ऐवजी तिनं पर्समध्ये टाकलं. इतक्या वर्षांच्या नोकरीत असं तिनं कधी केलं नव्हतं.

शिंप्यानं पाकिटावरचा नंबर पाहिला. ज्याची आहे तो उद्या आला तर, असं विचारलं. येणार नाही तो, ती म्हणाली. पण त्याच्याकडे न बघता म्हणाली.

"अगं, जन्मभर लोकांच्या कपड्यांना ठिगळं लावली. पण गिऱ्हाइकाच्या कापडातून स्वतःला सदरा नाही बेतला कधी. नेऊन ठेव उद्या."

"आणि तुम्हाला काही झालं तर?"

"तर झालं."

तिला त्याचा भयंकर राग आला. तत्त्वं चिकटवून कळ थांबते का, असं ती बोलूनही गेली. तो हसला आणि हसता हसता दम खायला थांबला. मग सदऱ्याची बटणं काढून नेहमीची जुनी पट्टी लावायला त्यानं तिच्या हातात दिली.

सकाळी म्हातारा आला. काल बस चुकली म्हणून पुन्हा पुन्हा माफी मागत होता. तिनं कालच्या पाकिटातली पट्टी त्याच्या छातीवर लावली आणि नीट चिकटावी म्हणून तळहातानं दाबून धरली. हाताखाली त्याचं काळीज संथ चाललं होतं.

"झालं का बाई?" थोड्या वेळानं त्यानं विचारलं.

"झालं," ती म्हणाली. पण हात तिनं तसाच राहू दिला.