एकदाच उडवलेल्या पुंगळ्या

घोड्याचे दात मोजल्याशिवाय घोडा घेऊ नये आणि आत तार घातल्याशिवाय काडतुसाची पुंगळी घेऊ नये, हे अमेरिकेतल्या वायोमिंगच्या डोंगराळ भागात शाळेत शिकवत नाहीत, पण सगळ्यांना ठाऊक असतं. एल्डन स्टॅव्हिगला तर जरा जास्तच ठाऊक होतं. बायकोने केलेला ॲपल-पायसुद्धा आधी काट्याने टोचून बघणारा माणूस तो.

यंदा त्याला सोडतीत एल्क नराच्या, म्हणजे त्या घोड्याएवढ्या हरणाच्या, शिकारीचा परवाना लागला होता, तोही एकोणीस वर्षं अर्ज केल्यावर. वय अडुसष्ट. पुन्हा लागेल तेव्हा डोंगर चढायला गुडघे शिल्लक असतील का, हा हिशेब त्याने मनाशी केला होता. त्यामुळे मॅग्नम रायफलची काडतुसं तो स्वतःच्या हाताने भरणार होता. गोळीचा निर्णय लगेच झाला. हलकी गोळी लांब आणि सपाट जाते, पण एल्कच्या खांद्याच्या हाडावर फुटून राहते. म्हणून त्याने जड घेतली, शिसं तांब्याच्या कवचाला घट्ट धरून ठेवणारी.

प्रश्न पुंगळ्यांचा होता, दारू आणि गोळी भरायच्या पितळी नळ्यांचा; उडवलेल्याही पुन्हा भरता येतात. गावातल्या दुकानात महिनाभर माल नव्हता. तेवढ्यात मंगळवारी त्याचा शिकारीचा जुना जोडीदार वेंडेल प्रूट कॉफीचा जुना डबा घेऊन आला आणि त्याने तो गॅरेजमधल्या टेबलावर ठेवला.

"घे. चाळीस आहेत. एकदाच उडवलेल्या."

"तुझ्याकडे कुठून आल्या रे, ठिणगी?"

"पडून होत्या," वेंडेल म्हणाला आणि कॉफीलाही न थांबता निघून गेला.

वेंडेलला सगळं गाव ठिणगी म्हणायचं. नाव एल्डननेच पाडलेलं. वेंडेलच्या सांगण्यानुसार, अकरा वर्षांपूर्वी घरातल्या शेगडीची ठिणगी उडून त्याच्या उजव्या डोळ्याखाली तीन काळे ठिपके कायमचे बसले होते, आणि इतकी सोयीची थट्टा सोडेल तो एल्डन कसला!

वेंडेल कॉफीला थांबला नाही, इथेच एल्डनला पाणी कुठेतरी मुरतंय असं वाटलं. तीस वर्षांत हा माणूस फुकटची कॉफी सोडून गेला नव्हता. शिवाय सोडतीत वेंडेलचंही नाव होतं, आणि ते लागलं नव्हतं.

एल्डनने बारीक तारेचं टोक वाकवलं, ते पहिल्या पुंगळीत घातलं आणि आतल्या भिंतीवरून हळूच वर ओढलं. मॅग्नमच्या पुंगळीला बुडाशी एक पट्टा असतो. पुंगळी पुन्हा पुन्हा उडवली की त्या पट्ट्याच्या जरा वरचं पितळ आतून झिजतं, बाहेरून मात्र नव्या नवरीसारखं चमकतं. तार गुळगुळीत वर यायला हवी होती. ती अडकली. दुसरीत अडकली, तिसरीतही अडकली.

त्याने तार खाली ठेवली. या एकदा नाही, पाच-सहा वेळा उडवलेल्या होत्या. अशी पुंगळी पुढचा बार काढताच बुडाशी फाटते आणि तापलेला वायू मागे येतो, गालाशी, डोळ्याशी.

"नोरीन!" तो ओरडला. "ठिणगी माझा डोळा फोडायला निघालाय!"

त्याची बायको नोरीन हात पुसत दारात आली. "वेंडेल? त्याला स्वतःच्या कोंबड्या कापवत नाहीत."

"परवाना मला लागला ना. मत्सर माणसाला काहीही करायला लावतो."

"बाई गं, काय तुझा संशय! आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं पाहायचं वाकून."

"झाकण्यासारखं माझं काय आहे? माझ्या हातून आजवर कुणाला खराब पुंगळी गेली नाही. रविवारी हॉटेलात सगळ्यांसमोर बोललोय मी हे."

"ऐकलंय. वेंडेल शेजारीच बसला होता," नोरीन म्हणाली आणि आत गेली.

शुक्रवारपर्यंत एल्डन धुमसत राहिला. शनिवारी पहाटे दोघं एकत्र डोंगरावर जाणार होते. ज्याच्या भरवशावर कड्यावरून उतरायचं, त्याच्यावर भरवसा उरला नाही तर जायचं तरी कसं? शेवटी त्यानेच फोन करून वेंडेलला बोलावलं आणि तो आल्याआल्या डबा त्याच्यापुढे आपटला.

"तार घातली. चाळीसच्या चाळीस गेलेल्या आहेत. एकदाच उडवलेल्या म्हणालास!"

"मला तसंच सांगितलं होतं."

"कुणी? नाव सांग त्या हरामखोराचं."

वेंडेलने एक पुंगळी उचलून त्याच्या हातात दिली. "आत खूप बघितलंस. आता बुडाच्या कडेवरून नख फिरव."

एल्डनने नख फिरवलं. ते एका बारीक खाचेत अडकलं. त्रिकोणी कानशीची खाच. आपल्या पुंगळ्या दुसऱ्याच्यात मिसळू नयेत म्हणून पूर्वी तोच तशी खाच पाडायचा. इतर कुणी पाडत नसे.

अकरा वर्षांपूर्वीचा नाताळ त्याला आठवला. साठ पुंगळ्या, याच डब्यात, वर लाल फीत. पितळ थकलंय हे त्याला माहीत होतं. वेंडेल काय, एक-दोन बार काढील आणि ठेवून देईल, असं त्याने मनाशी म्हटलं होतं आणि तोंडाने म्हटलं होतं, एकदाच उडवलेल्या.

"मी तेव्हा तार घातली नाही," वेंडेल म्हणाला. "तू दिल्या होत्यास ना."

"आणि ती शेगडी?"

"शेगडी त्या दिवशी थंड होती."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तू शरमेने माझ्याबरोबर यायचा बंद झाला असतास. मला एकट्याला नीट दिसत नाही रे डोंगरात, तेव्हापासून. पण रविवारी तू तसं बोललास, आणि ते मात्र मला गिळवेना. तू तार घालणार हे ठाऊकच होतं."

त्याने कोटाच्या खिशातून कोऱ्या पुंगळ्यांचं न फोडलेलं खोकं काढून टेबलावर ठेवलं. "कॅस्पर शहरातून आणलंय. हे भर. पहाटे चारला येतो."

तो दारापर्यंत गेला. एल्डनला काहीतरी बोलायचं होतं. सवयीने जिभेवर 'ठिणगी' आलं आणि तिथेच अडकलं.

"वेंडेल," तो म्हणाला. अकरा वर्षांत पहिल्यांदा. "थांब ना. कॉफी टाकतो."