मायाने रोखलेली दुरुस्ती

“आज नाही, भाऊजी,” माया फोनवर म्हणाली.

माझ्या धाकट्या मुलाचा, जयदेवचा, आवाज उल्हासनगरच्या कॅम्प तीनमधून आमच्या बदलापूरच्या खोलीभर ऐकू आला. “वहिनी, दुरुस्ती तयार आहे ना? मग भेजो ना! मुहूर्त बघताय काय?”

“जुन्या मशीनवर चाचणी व्हायचीय. तुमचंही जुनंच आहे. उद्या ते उठलंच नाही तर? तोवर बंद ठेवा, सगळं सीडीवर घ्या.”

“बंद? सीझन आहे, वहिनी! कारागीर डोक्यावर बसलेत.”

त्याच्या भरतकामाच्या कारखान्यातील सारी नक्षी एका संगणकात होती. गेल्या वर्षी वारलेल्या त्याच्या बायकोने, वेणूने, काढलेली शेवटची वेलही. त्यावर लिनक्स, म्हणजे संगणक चालवणारी प्रणाली, मायानेच घातले होते. त्याच्या गाभ्यात, कर्नलमध्ये, दोष निघाला होता: साठवलेली फाइल कधीकधी अर्धीच लिहिली जाई. दुरुस्ती आली होती. पण ती लोकांपर्यंत केव्हा सोडायची, हे लिनक्सचे प्रत्येक वितरण, म्हणजे ते जुळवून लोकांना देणारा प्रत्येक गट, आपापले ठरवते. एका वितरणापुरते ते माझी थोरली सून माया खिडकीपाशी बसून ठरवीत असे.

“पाठवून दे,” मी म्हणाले. या घरात माझा शब्द दुसऱ्यांदा उच्चारावा लागत नाही.

तिने मान वर केली नाही. “आई, तुम्ही सही केली असती?”

अंबरनाथच्या आयुधनिर्माणीत मी एकतीस वर्षे तपासणीखात्यात काढली. चाचणी अपुरी असलेल्या लॉटवर साहेबांनी सांगूनही मी सही केली नव्हती. मन मात्र मुलाकडेच राहिले.

पुढचे दिवस पाण्याखालून पाहावे तसे गेले. माया सांगे, हे लिनक्स कुठल्याशा गावच्या दवाखान्यात असेल, कुठल्या शाळेत असेल. कोण आपल्या भरवशावर आहे, ते कळतच नाही. दुपारी पंख्याखाली डोळे मिटले की मलाही ती यंत्रे दिसत. डोंगरावरच्या निळ्या धुक्यात ती ओळीने बसलेली असत, एकमेकांना अनोळखी, सारी मायाच्या होकाराकडे तोंड करून.

पाचव्या दिवशी जयदेवचा आवाज खाली आला होता. “वहिनी, वेणूची वेल गेली. अर्धीच राहिली.”

“सीडी?”

“बाकी सगळं घेतलं. ती रोज उघडायचो, एखादं पान नीट करायचो... म्हटलं, शेवटी घेऊ.”

मायाने फोन ठेवला आणि बराच वेळ हात मांडीवरून उचलले नाहीत.

सातव्या दिवशी दूरदेशीच्या एका परीक्षकाचे पत्र आले: त्या दुरुस्तीने त्याचे जुने यंत्र सुरूच होईना. मायाने तो दोष काढवून घेतला, पुन्हा तपासले आणि दहाव्या दिवशी सकाळी दुरुस्ती सोडली. एक कळ दाबली, इतकेच. कुठे काही वाजले नाही. जी यंत्रे बंद पडली असती, ती चालूच राहिली. त्यांच्या मालकांना त्याची वार्ताही नव्हती.

दुपारी आम्ही दोघी कॅम्प तीनला गेलो. जयदेवने पांढरे कापड ताणून उरलेली वेल यंत्राला लावली. सुई अलगद, झोपेत चालावी तशी चालली. तीन पाने, एक कळी. मग थांबली.

जयदेवने खुर्चीवरचे तागे बाजूला केले. “बसा, वहिनी.”

माया उभीच राहिली. मी उभी असताना ती कधी बसत नाही.

“बस,” मी म्हणाले, आणि ती बसेपर्यंत उभी राहिले.