एव्हर्टनचा मास्क

माझी धाकटी बहीण युना इंग्लंडहून आली आणि विमानतळावरून थेट हॉटेलात जाऊन उतरली. सख्ख्या बहिणीचं घर, दोन खोल्या रिकाम्या, नवे पडदे लावलेले, आणि ही बाई हॉटेलात! बार्बाडोसमध्ये एखाद्याचा याहून मोठा अपमान करायचा तर त्याच्या अंगणात शेळी सोडावी लागते.

दुसऱ्या दिवशी सकाळी समुद्रावर मैत्रिणींना काय सांगायचं, या विचाराने मला रात्रभर डोळा लागला नाही. कार्लाइल बेच्या पाण्यात आम्ही पाचसहाजणी उजाडताच उतरतो. पोहत नाही. पोहणं हा पर्यटकांचा उद्योग. आम्ही गळ्यापर्यंत पाण्यात उभ्या राहतो, डोक्याला प्लास्टिकची टोपी, त्यावर उन्हाची हॅट, आणि अख्ख्या बेटाच्या बातम्या निकालात काढून मगच बाहेर येतो. डोकं मात्र कुणीही भिजवत नाही. शनिवारी पार्लरमध्ये बसून सरळ करून घेतलेले केस खारट पाण्यात घालायला आम्ही काही वेड्या नाही.

"हॉटेलात?" ओडेसा एवढ्या मोठ्याने ओरडली की काठावरचे बगळे उडाले. "का गं वेल्डा, तुझ्या गादीत ढेकूण झालेत का?"

"तुझ्या जिभेला झालेत," मी म्हणाले. पण चेहरा पडला तो पडलाच.

तेवढ्यात युनाच आली. वाळूवरून, खांद्यावर भलीमोठी पिशवी, डोळ्यांखाली काळं. तिने आधी सगळ्यांना एकेक करून "गुड मॉर्निंग" म्हटलं. इंग्लंडमध्ये इतकी वर्षं काढूनही ते विसरली नाही, एवढं मला बरं वाटलं. आमच्याकडे गुड मॉर्निंग म्हटल्याशिवाय माणूस दुकानात मिठाची पुडीसुद्धा मागत नाही. मागितलीच तर मिळत नाही.

"रागावलीस ना?" पाण्याच्या कडेला उभी राहून तिने मला विचारलं.

"मी कशाला रागवू? मी कोण? शेजारीण."

"वेल्डा, ते हॉटेल एव्हर्टनने ठरवलं होतं."

झालं. त्या नावाने माझ्या कपाळावर आठी चढायची ती चढलीच. एव्हर्टन म्हणजे तिचा नवरा. जमैकाचा. माझ्या बहिणीला इंग्लंडला अडकवून ठेवलं ते त्याने, पण तेही मी गिळलं असतं. लग्नानंतर पहिल्यांदा माझ्या घरी जेवायला बसला आणि माझ्या हातच्या कूकूकडे बघून म्हणाला, "याने भिंतीला कागद चांगला चिकटेल." मक्याचं पीठ आणि भेंडी तासभर घोटून हात मोडेपर्यंत केलेल्या कूकूला खळ म्हणणारा माणूस! त्यानंतर मी त्याच्याशी हवापाण्यापलीकडे बोलले नाही. जानेवारीत तो गेला. झोपेतच.

"दोघांची सुट्टी होती ही," युना म्हणाली. "निवृत्त झालो की मास्क लावून आपल्या समुद्रात मासे बघायचे, असं त्याच्या डोक्यात बसलं होतं. त्यासाठी म्हातारपणी पोहायला शिकला. मलाही शिकवलं, तिथल्या गरम पाण्याच्या हौदात. हॉटेल, होडी, सगळं ठरवून गेला. ते मी रद्द करू? मला जायचंय वेल्डा. आजच होडी आहे. एकदा जाऊन आले की तुझ्या घरी येते, हवं तर स्वयंपाकघरात झोपते."

यावर ओडेसानेसुद्धा डोक्यावरची हॅट काढली, म्हणजे बघा.

मी तिच्याबरोबर होडीपर्यंत गेले. पोचवायला, दुसरं काही नाही. होडी शर्नेल चालवते. तिशीची धिप्पाड बाई, खणखणीत आवाज. शाळेत मी स्वयंपाकीण होते तेव्हा ही मॅकरोनी पायसाठी दोनदा रांगेत उभी राहायची.

"गुड मॉर्निंग, मिस वेल्डा! गुड मॉर्निंग, मॅडम! जोडीदार कुठाय?"

"मी एकटीच आहे," युना म्हणाली.

"एकटं कुणाला पाण्यात सोडत नाही मी. जोडी हवी. जोडीने उतरायचं, जोडीने वर यायचं. त्या जर्मन काकांबरोबर देऊ का तुमची जोडी?"

जर्मन काका उघडेबंब बसले होते आणि अंगाला दह्यासारखं काहीतरी फासत होते. युनाने त्यांच्याकडे पाहिलं, मग पाण्याकडे पाहिलं. मान हलवली. पिशवी उचलली आणि होडीवरून उतरायला निघाली. लहानपणी बाहुली हरवली तेव्हाही ती अशीच गप्प होऊन चालू लागली होती, आणि ते मला तेव्हाही बघवलं नव्हतं.

"थांब," मी म्हणाले. "एव्हर्टनचा मास्क आणलायस ना? दे इकडे."

"वेल्डा, तुला पोहता येत नाही."

"जॅकेट आहे ना तरंगायचं? म्हशी तरंगतात, मला काय धाड भरलीय?"

"आणि तुझे केस?"

"केसांचं नाव काढू नकोस. विचार बदलेल."

एव्हर्टनचा मास्क माझ्या तोंडाला मोठा झाला. त्या माणसाचं नाक होतंच तसं. शर्नेलने होडी काठापासून जरा आत नेऊन उभी केली, माझे पट्टे आवळले, नळी तोंडात खुपसली, आणि युनाचा हात धरून मी शिडीवरून उतरले. काठावर ओडेसा आणि मंडळी रांगेत उभ्या राहून बघत होत्या. "मयताला फुलं कुठली आणू गं?" ओडेसा ओरडली. नळी तोंडात असल्यामुळे मला योग्य उत्तर देता आलं नाही.

मी डोळे मिटून डोकं पाण्यात घातलं. मग उघडले.

मला पहिल्यांदा काय वाटलं ते खरं सांगते. संताप आला. अगं, रोज सकाळी इथून चार हातांच्या अंतरावर उभी राहून मी बेटभरच्या बातम्या ऐकत होते, आणि इथे पायाखाली एवढं सगळं चाललं होतं ते मला कुणी सांगितलं नाही! बुडालेलं जहाज आडवं पडलेलं, त्याच्या खिडक्यांतून पिवळ्या पट्ट्यांचे मासे शाळा सुटल्यासारखे बाहेर पडत होते. एक निळा जाडा मासा दगड कुरतडत होता, त्याचा कुरकुर आवाज मला ऐकू येत होता. एक लांबोडका मासा मला आपादमस्तक न्याहाळून गेला. ओडेसाही असंच बघते.

सगळं सुरळीत चाललं होतं. मग समोरून जर्मन काका आले.

आता समोरून माणूस येतोय, तोंडासमोर येतोय, आणि आपण काही न बोलता पुढे जायचं? साठ-पासष्ट वर्षांची सवय आहे. माझं तोंड आपोआप उघडलं आणि मी म्हणाले, "गुड मॉर्निंग!" निम्मा समुद्र पोटात गेला. मी खोकत, थुंकत वर आले. युना मला धरून उभी राहायला जागा शोधत होती आणि खाली जागाच नव्हती.

"मिस वेल्डा!" शर्नेल होडीवरून ओरडली. "पाण्याखाली गुड मॉर्निंग म्हणायचं नसतं!"

"मग काय रानटासारखं तोंड फिरवून जायचं?"

"हात हलवा! फक्त हात!"

मग मी हात हलवत राहिले. जर्मन काकांना, त्यांच्या बायकोला, एका कॅनडाच्या जोडप्याला. पुढे पुढे माशांनाही. पण तोंड उघडायचं नाही, काही झालं तरी नाही, अशी मी मनाशी खूणगाठ बांधली.

तेवढ्यात कासव आलं. जहाजाच्या पलीकडून, सावकाश, कुणाचंही देणं नसल्यासारखं. इतकं जवळून गेलं की त्याच्या डोळ्याची सुरकुती दिसली. युनाने माझा हात घट्ट दाबला आणि तिच्या नळीतून आवाज आला. घोगरा, फुटका, पण माझ्या बहिणीचा आवाज मला कुठेही कळतो.

"एव्हर्टन, बघ! एव्हर्टन!"

तिच्या लक्षातही आलं नव्हतं. ती कासवाकडेच बघत होती. मीच तिच्याकडे बघत होते, त्या माणसाच्या मास्कमधून. ती थांबली होती. हाक मारल्यावर माणूस थांबतो ना उत्तरासाठी, तशी. मी तोंड उघडलं आणि उत्तर दिलं. उरलेला निम्मा समुद्रही पोटात गेला.

होडीवर परतल्यावर शर्नेलने आम्हाला दोन मोठे टॉवेल आणि थंड मॉबी दिली, आमच्याकडचं झाडाच्या सालीचं कडवट-गोड सरबत. युना कप नुसता धरून बसली होती.

"मी मघाशी खाली काही म्हणाले का गं?"

नाही म्हणता आलं असतं. पण खोटं बोलून तिला मी आजवर कधी फसवू शकलेली नाही.

"म्हणालीस. एव्हर्टन, बघ, म्हणालीस."

तिने मान खाली घातली. "मला वाटलं मनातल्या मनात म्हणाले." मग मान वर करून, "तू पण काहीतरी बोललीस. नंतर खोकलीस."

"मी 'हं' म्हणाले. तू हाक मारून थांबली होतीस. कुणीतरी काहीतरी म्हणायला नको?"

युना माझ्याकडे बघत राहिली, आणि मग हसायला लागली. खांदे हलत होते, मॉबी मांडीवर सांडत होती. हसता हसता रडायला लागली, रडता रडता पुन्हा हसायला. जर्मन काकांनी काळजीने त्यांची दह्याची बाटली पुढे केली.

"तो एवढंच म्हणायचा, वेल्डा," तिने डोळे पुसले. "जन्मभर. इंद्रधनुष्य दाखवा, नवा ड्रेस दाखवा, पोरीचं पहिलं पाऊल दाखवा. हं. मी इतकी चिडायचे त्याच्यावर."

मी तिच्या पाठीवर टॉवेल ओढला. होडी काठाकडे वळली, ओडेसा हॅट हलवत होती. युनाने दोन्ही मास्क उचलले, मोठ्यातलं पाणी झटकलं आणि तो माझ्या मांडीवर ठेवला.

"उद्या परत येशील माझ्याबरोबर?"

"हं," मी म्हणाले.