गाळलेली ओळ

छापखान्यातलं मशीन अर्ध्या तासापासून गप्प होतं आणि सगळ्यांचे डोळे प्रूफ तपासणाऱ्या बाईंच्या पेनाकडे लागले होते.

बाळखाद्याच्या डब्याचं नवं लेबल आलं होतं. जुन्यावर तळाशी बारीक अक्षरांत छापलेलं असायचं, 'जनुकीय बदल केलेल्या मक्यापासून तयार'. नव्यावर ती ओळच नव्हती. बाईंनी दोन्ही लेबलं शेजारी ठेवून तीनदा बोट फिरवलं. हाच डबा त्यांच्या घरी ओट्यावर होता. दीड वर्षाची छकुली सकाळीच त्यातलं अर्धं पोटात घालून उरलेलं केसांना फासून बसली होती.

"मका बदलला का हो?" त्यांनी मालकांना विचारलं.

"मका तोच. कंपनीला ओळ नकोय. लोक दचकतात म्हणे."

"मग दचकू देत की!"

"बाई, तुम्ही शिकल्यासवरलेल्या. एवढ्या तपासण्या होतात, कुणाला काही झालंय का?"

"नसेल झालं. वाईटच आहे असं मी कुठे म्हणतेय? मला ठाऊक नाही, म्हणून तर जीव धास्तावतो. पण माझ्या पोरीच्या तोंडात काय घालायचं ते मी ठरवणार. मला अंधारात ठेवून दुसऱ्या कुणी नाही."

मशीन चालवणारे काका चिंधीने हात पुसत म्हणाले, "साहेब, बाईंच्या सहीशिवाय बटण दाबायचं नाही, हा नियम तुमचाच."

"तुम्ही गप्प बसा हो!"

"मी गप्पच आहे. मशीनही."

मालकांचा पारा चढला. "बाई, सही करा. नाहीतर उद्यापासून येऊ नका."

बाईंचा नवरा काम सुटल्यामुळे दोन महिने घरी बसून होता. तरी बाईंनी लाल पेनाचं टोपण काढलं, प्रूफच्या तळाशी ती ओळ टपोऱ्या अक्षरांत लिहिली, खाली लिहिलं, 'या ओळीशिवाय नामंजूर', आणि तारीख घालून सही ठोकली.

"घ्या. केली सही."

मालकांनी वाचलं आणि कपाळावर हात मारला. "आता कंपनीला काय तोंड दाखवू मी?"

"फोन लावा. मी बोलते."

"आणि कोण बोलतंय म्हणून सांगू?"

"सांगा, डबा विकत घेणारी."

मालक नंबर फिरवू लागले. बाईंनी खुर्ची पुढे ओढली आणि रिसीव्हरसाठी हात लांब केला.